रिकाम्या यंत्रात भाषा उतरवताना : ऑल्टेअरच्या खटक्यांपासून टर्बो सी++ पर्यंत



आजचा विषय वरवर पाहता फार छोटा आहे. कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅमिंगची भाषा टाकायची, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात 'इन्स्टॉल' करायची. आज हे काम दहा मिनिटांचं. फाइल उतरवा, दोनदा 'नेक्स्ट' म्हणा, एकदा 'फिनिश' म्हणा, झालं. मग यात इतिहास तो काय, असं कोणीही विचारेल.

इतिहास असा की हे काम आज सोपं आहे, कारण तुमच्या यंत्रात आधीच हजारो प्रोग्रॅम बसलेले असतात आणि ते नव्या पाहुण्याला हात धरून आत घेतात. पण पन्नास वर्षांपूर्वी, पहिला गाजलेला पर्सनल कॉम्प्युटर लोकांच्या टेबलावर आला तेव्हा त्याच्या आत कोणीच नव्हतं. यंत्र रिकामं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, ऐकता येत नव्हतं. अशा यंत्रात भाषा शिरणार कशी? आणि तिला शिरायचा जो रस्ता आहे, त्याची किल्ली कोणाकडे राहणार? माझं म्हणणं असं आहे की पर्सनल कॉम्प्युटरचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो. दर वेळी त्याचं उत्तर बदललं आणि दर वेळी प्रोग्रॅम कोण लिहू शकतो, हेही बदललं. आपल्या भारतातल्या मुलांपर्यंत तो बदल कसा पोचला, तेही आज पाहू.

दिवे, खटके आणि २५६ बाइट

जानेवारी १९७५. अमेरिकेत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' नावाचं हौशी लोकांचं मासिक होतं. त्याच्या मुखपृष्ठावर एका निळसर पेटीचं चित्र आलं. नाव ऑल्टेअर ८८००. बनवणारी कंपनी एमआयटीएस, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावची. मालक एड रॉबर्ट्स. कंपनीचा कॅल्क्युलेटरचा धंदा बसला होता, डोक्यावर कर्ज होतं आणि ही पेटी म्हणजे शेवटचा डाव होता. सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरला. तो घरी आणायचा, सोल्डरिंग करून स्वतः जुळवायचा. ऑर्डरचा पूर आला.

आता ही पेटी हातात आल्यावर काय दिसायचं? कीबोर्ड नाही. पडदा नाही. समोर लाल दिव्यांच्या रांगा आणि त्यांच्याखाली वर-खाली करायचे खटके. आतली मेमरी किती, तर २५६ बाइट. केबी नव्हे बरं, बाइट. आत्ता तुम्ही वाचताय त्या एका परिच्छेदाची अक्षरंसुद्धा त्यात मावणार नाहीत.

यंत्राला काही सांगायचं तर इंटेल ८०८० या प्रोसेसरला समजतील असे आकडे थेट मेमरीत भरायचे. एक बाइट म्हणजे आठ खटके. खटका वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. आठ खटके लावले की 'डिपॉझिट' लिहिलेला खटका दाबायचा, आकडा मेमरीत गेला. मग पुढचा आकडा, 'डिपॉझिट नेक्स्ट'. सगळं भरून झालं की 'रन'. आणि फळ काय? काही दिवे लागायचे, काही विझायचे. दोन आकड्यांची बेरीज करून उत्तर दिव्यांत वाचण्यासाठी माणसाने तास घालवायचा. वीज गेली की मेमरी पुन्हा कोरी. भारतातल्या श्रोत्यांना याचा अर्थ जास्त समजावून सांगायला नको.

हौशी मंडळींना हे चालत होतं. पण यंत्र उपयोगी पडायला हवं असेल तर त्याला माणसासारखी भाषा हवी. अशी एक भाषा अकरा वर्षांपूर्वीच जन्मली होती. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी १ मे १९६४ रोजी पहाटे बेसिक ही भाषा पहिल्यांदा चालवून दाखवली. त्यांचा हेतू साधा होता. इतिहास, साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता यावा. प्रिंट, इनपुट, गोटू, इफ-देन. थोडं इंग्रजी येणाऱ्याला चार दिवसांत जमेल अशी. पण ती चालत होती खोलीभर मोठ्या यंत्रावर. ऑल्टेअरच्या पेटीत तिला बसवायचं कसं?

विमानात लिहिलेला धागा

बॉस्टनजवळ दोन तरुणांनी ते मासिक पाहिलं. बिल गेट्स हार्वर्डला शिकत होता, पॉल ॲलन हनीवेल कंपनीत नोकरीला होता. त्यांनी एड रॉबर्ट्सला कळवलं की आमच्याकडे तुमच्या यंत्रासाठी बेसिक आहे. तेव्हा बेसिक नव्हतीच. ऑल्टेअरही नव्हता.

मग त्यांनी काय केलं? ॲलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या कॉम्प्युटरवर असा प्रोग्रॅम लिहिला, की ते मोठं यंत्र ८०८० प्रोसेसरचं सोंग घेईल. त्या सोंगावर दोघांनी बेसिक घडवली. अपूर्णांकांच्या गणिताचा भाग माँटी डेव्हिडॉफ या तिसऱ्या विद्यार्थ्याने लिहिला. त्याचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं, म्हणून मी मुद्दाम घेतो. सगळी भाषा ४ केबीत, म्हणजे ४०९६ बाइटमध्ये, बसवायची होती.

मार्च १९७५ मध्ये ॲलन अल्बुकर्कीला निघाला. हातात कागदी पट्टीचं भेंडोळं. त्या पट्टीत भोकं पाडलेली, भोकांच्या रूपात बेसिक. आणि विमान उतरायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की मोठी गोष्ट राहूनच गेली. ऑल्टेअर रिकामा आहे. पट्टी वाचायची कशी, हेच त्याला माहीत नाही. भाषा पट्टीवर आहे, पण ती पट्टी वाचून मेमरीत भरणारा छोटा प्रोग्रॅम कोणीच लिहिलेला नाही. ॲलनने विमानातच कागद-पेन्सिल काढून तो लिहिला.

मंडळी, या छोट्या प्रोग्रॅमला बूटस्ट्रॅप लोडर म्हणतात. आपण कॉम्प्युटर 'बूट झाला' म्हणतो, तो शब्द इथलाच. हे समजावून सांगायला मला आमच्या सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं, उदाहरण सोपं वाटतं. खोल नाला आहे, पलीकडे जायचं आहे, आणि लोखंडी दोर इतका जड की तो फेकता येत नाही. मग आधी एक बारीक दोरी पलीकडे टाकतात. त्या दोरीला बांधून जाड दोर ओढतात. जाड दोराने लोखंडी केबल ओढतात. केबलवर पूल उभा राहतो आणि पुलावरून गाड्या जातात. पूल सगळ्यांना दिसतो. पहिली दोरी कोणाच्या लक्षातही राहत नाही. ॲलनने विमानात लिहिली ती ही पहिली दोरी.

दुसऱ्या दिवशी एमआयटीएसच्या ऑफिसात त्याने ती खटक्यांनी भरली. जोडीला टेलिटाइप होता. आपल्यापैकी ज्यांनी तारघरात किंवा सिग्नल सेंटरमध्ये टेलिप्रिंटर पाहिला असेल, त्यांना तो खडखडाट आठवेल. पट्टी लावली, ती सरकू लागली. सोंगावर तयार केलेली भाषा खऱ्या प्रोसेसरवर पहिल्यांदाच चालणार होती. एक आकडा चुकला असता तरी सगळं थांबलं असतं. पट्टी संपली आणि टेलिटाइपने कागदावर छापलं, 'मेमरी साइझ?' ॲलनने ७१६८ हा आकडा दिला. मग टाइप केलं, प्रिंट २+२. उत्तर आलं ४. एड रॉबर्ट्सच्या यंत्राने आयुष्यात पहिल्यांदा अक्षरांत उत्तर दिलं होतं.

गिऱ्हाइकाच्या घरी

ॲलनच्या त्या एका दिवसाची गोष्ट खूप पुस्तकांत सापडते. पण ज्याने पैसे भरून बेसिक घेतली, त्या साध्या गिऱ्हाइकाला ती घरी कशी बसवावी लागत होती, ते कमी सांगितलं जातं. ते पाहू.

पहिली अट पैशाची. बेसिकसाठी किमान ४ केबी मेमरी हवी, तर मेमरीची जास्तीची पाटी विकत घ्या. टेलिटाइप जोडायला आणखी एक पाटी घ्या. टेलिटाइप स्वतंत्र, आणि त्याची किंमत ऑल्टेअरच्या कितीतरी वर. म्हणजे भाषेचा रस्ता यंत्राहून महाग.

दुसरी पायरी म्हणजे ती बारीक दोरी. सोबतच्या पुस्तिकेत सुमारे वीस आकड्यांची यादी छापलेली असायची. आकडे आठ अंकी पद्धतीत, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून. खटके तीन-तीनच्या गटांत असायचे, त्यामुळे एका अंकाला एक गट, अशी सोय होती. वीस आकडे म्हणजे एकशे साठ वेळा खटका वर की खाली, हे ठरवायचं. मग 'एक्झामिन' हा खटका वापरून प्रत्येक आकडा दिव्यांत परत वाचायचा, ताडून पाहायचा. मग पट्टी लावायची, 'रन' दाबायचा.

टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरं वाचतो. ४०९६ बाइटला दहाने भागा. चारशे दहा सेकंद, म्हणजे साधारण सात मिनिटं. त्या सात मिनिटांत पट्टी फाटली, अडकली, कोणाचा पाय वायरीला लागला, तर खटक्यांपासून पुन्हा सुरुवात. या पट्टीच्या सुरुवातीलाच दुसरा, जरा मोठा लोडर भोकांत लिहिलेला असायचा. खटक्यांचा लोडर त्याला आत घ्यायचा आणि मग तो प्रत्येक तुकड्याची बेरीज ताडून पाहत उरलेली बेसिक भरायचा. बारीक दोरी, मग जाड दोर, मग पूल. अगदी तसंच.

आणि शेवटी गंमत. बेसिक जागी झाली की प्रश्न विचारायची. मेमरी किती? कागदाची रुंदी किती? साइन हे त्रिकोणमितीचं फंक्शन हवं का? वर्गमूळ हवं का? तुम्ही 'नाही' म्हणालात की ती तेवढा भाग टाकून द्यायची आणि ती जागा तुमच्या प्रोग्रॅमला द्यायची. ४ केबीच्या यंत्रात भाषा बसल्यावर तुमच्यासाठी आठशेच्या आसपास बाइट उरायचे, म्हणून हा काटकसरीचा हिशेब. आज इन्स्टॉल करताना 'कोणकोणते भाग हवेत' अशी यादी येते ना, तिची ही पणजी समजा.

पट्टी कोणाची?

इथे आपल्या कथेत पहिला तंटा उभा राहतो. एमआयटीएसने बेसिकची किंमत अशी ठेवली होती, की मेमरी आणि जोडणीच्या पाट्या त्यांच्याकडूनच घेतल्या तर भाषा स्वस्त, नुसती भाषा हवी तर अनेक पट महाग. आणि त्यांच्या ४ केबीच्या मेमरी पाट्या दगा देण्यासाठी कुप्रसिद्ध होत्या. लोकांनी काय केलं? मेमरी दुसऱ्या कंपनीची घेतली, आणि बेसिकची पट्टी मित्राकडून.

जून १९७५ मध्ये एमआयटीएसने कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे एका हॉटेलात प्रात्यक्षिक ठेवलं होतं. तिथून बेसिकची एक पट्टी कोणीतरी उचलली. तिच्या प्रती निघाल्या आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळाच्या बैठकीत वाटल्या गेल्या. एक नेणाऱ्याने पुढच्या वेळी दोन आणाव्यात, असा संकेत होता म्हणतात. बिल गेट्सने ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचं 'हौशी मंडळींना खुलं पत्र' लिहिलं. यंत्राचे पैसे देता, मग सॉफ्टवेअर फुकट का घेता, असा त्याचा रोकडा सवाल होता. ऑल्टेअर घेणाऱ्या शंभरातल्या दहा जणांनीही बेसिक विकत घेतली नाही, आमच्या मेहनतीचा मोबदला तासाला दोन डॉलरसुद्धा पडला नाही, असं त्याने मांडलं.

माझं मत विचाराल तर पट्टी उचलणं ही चोरी होती, तिला दुसरं नाव देऊ नये. पण भाषेची किंमत खराब पाटीला बांधणं हाही शहाणपणा नव्हता. पूल बांधून देतो म्हणायचं आणि लाकूडफाटा माझ्याच वखारीतून घे म्हणायचं, तर लोक पोहत जायला लागतात.

आणि काही लोक खरंच पोहत गेले. कॅलिफोर्नियात बॉब अल्ब्रेक्ट आणि डेनिस ॲलिसन यांनी मांडलं की मुलांसाठी एक लहानशी बेसिक, टायनी बेसिक, आपणच लिहूया. आराखडा छापून टाकला आणि वाचकांनी त्यावरून आपापल्या भाषा घडवून पाठवल्या. त्या छापायला जानेवारी १९७६ मध्ये 'डॉक्टर डॉब्ज जर्नल' सुरू झालं. मासिकात आकड्यांची पानंच्या पानं छापलेली असत आणि वाचक ती एकेक करून आपल्या यंत्रात भरत. टॉम पिटमन याने मोटोरोलाच्या ६८०० प्रोसेसरसाठी टायनी बेसिक पाच डॉलरला विकली. ली-चेन वांग याने आपल्या बेसिकवर 'कॉपीराइट'ऐवजी थट्टेने 'कॉपीलेफ्ट' लिहिलं. पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत हा शब्द मोठा झाला. चोरी न करताही रस्ता खुला करता येतो, हे या मंडळींनी दाखवून दिलं.

चालू करा, भाषा तयार

१९७७ साली तीन यंत्रं एकाच वर्षी बाजारात आली. ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८०. तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. बेसिक आधीच आत होती. रॉम नावाच्या चिपमध्ये कायमची कोरलेली. वीज गेली तरी ती जात नाही. ॲपल टूची बेसिक स्टीव्ह वॉझ्नियाकने लिहिली. पेटमध्ये मायक्रोसॉफ्टची होती. टीआरएस-८० ची पहिली बेसिक त्या ली-चेन वांगच्या मोफत टायनी बेसिकवरून घडवलेली होती.

आता खटके गेले, पट्टी गेली. बटण दाबलं की पडद्यावर 'रेडी' किंवा नुसती एक खूण. यंत्र तुमच्या हुकमाची वाट पाहत उभं. सैन्यात आम्ही याला 'तयार' स्थिती म्हणतो. दहा वर्षांचं पोरही दोन ओळी लिहून आपलं नाव पडद्यावर शंभर वेळा छापू शकत होतं. इन्स्टॉल करणं हा शब्दच उरला नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये घरच्या घरी प्रोग्रॅम शिकलेली एक पिढीच्या पिढी तयार झाली, त्यात या चिपचा वाटा मोठा आहे.

पण बेसिक नको, दुसरी भाषा हवी असेल तर? याचं सर्वांत देखणं उत्तर ब्रिटनच्या बीबीसी मायक्रोत सापडतं. डिसेंबर १९८१ मध्ये एकॉर्न कंपनीने तो आणला, बीबीसीच्या कॉम्प्युटर साक्षरता मोहिमेसाठी. त्याची बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलेली. याच्या आत रॉम चिपसाठी मोकळे सॉकेट ठेवलेले होते. लिस्प, फोर्थ किंवा पास्कल हवी तर दुकानातून ती चिप आणायची. पास्कलला तर दोन चिपा लागायच्या. झाकणाचे स्क्रू काढायचे, कीबोर्ड अलगद बाजूला सरकवायचा, चिपची खूण बरोबर दिशेला आहे ना ते पाहायचं आणि एकही पाय न वाकवता ती सॉकेटमध्ये दाबून बसवायची. झाकण लावलं, चालू केलं, चांदणीची खूण टाइप करून भाषेचं नाव लिहिलं, की यंत्र ती भाषा बोलायला लागलं. भाषा 'बसवणं' हा शब्द इथे अगदी शब्दशः खरा होता.

आणि हाच बीबीसी मायक्रो भारतात आला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. शाळांमधून कॉम्प्युटरची ओळख व्हावी, हा हेतू. सुरुवातीला देशभरातल्या सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांनी आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर तिथे पाहिला. चपला बाहेर काढायच्या, पडदे लावलेल्या थंड खोलीत जायचं, एका यंत्रामागे पाच-सात जणांनी उभं राहायचं.

विचार करा. भाषा आत तयार होती. खटके नाहीत, पट्टी नाही, फ्लॉपीची गरज नाही. तांत्रिक दृष्टीने रस्ता पूर्ण मोकळा. तरी आपल्याकडे ब्रिटनसारखी पिढी त्या यंत्रांतून उभी राहिली नाही, कारण तिथे यंत्र घरात होतं आणि इथे कुलपाआड. आठवड्यातून एकदा, वाट्याला येतील ती दहा मिनिटं. त्यात शिक्षकाने फळ्यावर लिहिलेला प्रोग्रॅम टाइप होईपर्यंत घंटा. रस्त्याची किल्ली चिपमध्ये होती, पण खोलीची किल्ली शिपायाकडे.

फ्लॉपीचं राज्य

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला. त्यातही बेसिक रॉममध्ये होती. फ्लॉपी नसेल तर यंत्र सरळ बेसिकमध्ये उघडायचं. डॉसच्या फ्लॉपीवर जी वाढीव बेसिक मिळायची, ती अर्धी फ्लॉपीवर आणि अर्धी त्या रॉममध्ये, अशी विभागलेली होती. पण बाजारात लवकरच आयबीएमसारखे दिसणारे, स्वस्त पीसी आले. आपल्याकडे आलेले आणि बनलेले बहुतेक पीसी याच जातीचे. त्यांच्यात आयबीएमची रॉम बेसिक नव्हती, कारण तिचे हक्क बांधलेले. आयबीएमच्या फ्लॉपीवरची बेसिक या यंत्रात चालवायला गेलं तर निम्मी भाषा गायब. म्हणून मायक्रोसॉफ्टने संपूर्ण फ्लॉपीवर राहणारी जीडब्ल्यू-बेसिक दिली. आपल्याकडच्या कितीतरी कॉम्प्युटर क्लासेसमध्ये पहिला धडा तिचाच असायचा.

काही पीसीत हार्ड डिस्क बिघडली की पडद्यावर संदेश यायचा, 'नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड'. अनेकांना तो पाहून धडकी भरायची. त्याचा अर्थ आता तुम्हाला कळेल. यंत्र म्हणत होतं, डिस्क सापडत नाही, म्हणून मी जुन्या सवयीने आतल्या बेसिककडे वळलो, तर तीही जागेवर नाही. भाषा यंत्रातून कधीच निघून गेली होती, तिची रिकामी खोली तेवढी राहिली होती.

भाषा फ्लॉपीवर गेली म्हणजे ती वस्तू झाली. विकत घ्यायची, जपायची, कपाटात ठेवायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अनेक सरकारी आणि लष्करी कचेऱ्यांत फ्लॉपीचं स्वतंत्र रजिस्टर असायचं. सही करून घ्या, सही करून परत करा.

या काळातली एक चांगली गोष्ट सांगतो. पास्कल भाषेचा कंपायलर घ्यायचा तर तेव्हा शेकडो डॉलर लागायचे आणि छोटासा प्रोग्रॅम तयार करायलाही फ्लॉप्या काढा-घाला करत बसावं लागायचं. नोव्हेंबर १९८३ मध्ये बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल आणली, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. मूळ काम अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणाचं. लिहायची जागा आणि कंपायलर एकाच फाइलमध्ये, आणि तिसऱ्या आवृत्तीतही ती मुख्य फाइल ४० केबीच्या आत. बसवायची म्हणजे फ्लॉपीवर नक्कल करायची आणि एक छोटा प्रोग्रॅम चालवून आपला पडदा कोणत्या जातीचा ते सांगायचं. परवानापत्रात लिहिलं होतं की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वागवा. पुस्तक कोणीही वाचावं, पण एका वेळी एकाच ठिकाणी. कंपनीने किंमत उतरवली, अट माणसाला समजेल अशी ठेवली, आणि लोकांनी विकत घेतलं. १९७६ च्या त्या भांडणाचं हे एक शहाणं उत्तर होतं, असं मला वाटतं.

आपला टर्बो सी++

बोरलँडच्याच घरातून टर्बो सी आणि टर्बो सी++ आले आणि भारताच्या कॉलेजांत त्यांनी मुक्काम ठोकला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आणि शेजारी निळ्या पडद्याचा टर्बो सी++, या जोडीवर देशातले लाखो इंजिनिअर शिकले. तुमच्यापैकी अनेकांनी टीसी नावाचं फोल्डर सी ड्राइव्हवर उतरवलं असेल. ते चुकून दुसरीकडे टाकलं की 'इन्क्लूड फाइल उघडता येत नाही' असा संदेश, मग 'ऑप्शन्स' मध्ये जाऊन 'डिरेक्टरीज' मधला पत्ता दुरुस्त करायचा. होस्टेलमध्ये ही दुरुस्ती येणारा एक मुलगा असायचाच आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला भाव यायचा.

पण इथे इतिहास उलटा फिरला. टर्बो सी++ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ मध्ये. म्हणजे मुलं जी भाषा शिकत होती, ती प्रमाण ठरण्याच्या आधीची. 'आयओस्ट्रीम डॉट एच' लिहायची सवय लागलेला मुलगा नोकरीवर गेला की नवा कंपायलर त्याची पहिलीच ओळ नाकारायचा. 'क्लिअर स्क्रीन' आणि 'गेटच' ही तर डॉसची जुनी फंक्शन्स, दुसरीकडे ओळखतच नाहीत. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम चालणंच बंद झालं. तरी आपण सोडलं नाही. डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम नव्या यंत्राला जुन्या डॉस यंत्राचं सोंग घ्यायला लावतो, त्यात आपण टर्बो सी++ बसवला. ॲलनने सोंग वापरलं ते अजून हाती न आलेल्या यंत्रासाठी. आपण वापरलं ते जगातून गेलेल्या यंत्रासाठी.

दोष मुलांचा नव्हता. प्रश्नपत्रिका, प्रयोगवह्या, प्रयोगशाळेतले जुने पीसी हे सगळं एकमेकांत अडकलेलं होतं. एक बदलायचं तर सगळंच बदलावं लागलं असतं. दरम्यान लिनक्सवर जीसीसी हा चांगला, अद्ययावत कंपायलर मोफत मिळत होता, जुन्या पीसीवरही चालत होता. म्हणजे रस्ता उघडा होता, पण तो आहे हे सांगणारे थोडे होते. पुढे सीबीएसईने अकरावी-बारावीसाठी पायथनची वाट धरली तेव्हा शाळांतून ही गाठ सुटायला लागली.

घरातला जुना पीसी

आता आजच्या कामाचं बोलतो. अनेक घरांत दहा-बारा वर्षांचा पीसी किंवा लॅपटॉप धूळ खात पडलेला असतो. नातवंडाला प्रोग्रॅमिंग शिकायचं असतं. आपण पायथनची सगळ्यात नवी आवृत्ती उतरवतो, ती बसत नाही, आणि आपण म्हणतो, यंत्र गेलं. यंत्र गेलेलं नसतं. विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ ही तिच्यावर बसणारी शेवटची आवृत्ती. एक्सपी असेल तर ३.४. पायथनच्या अधिकृत जागी जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या आहेत, मोफत. यंत्र ३२ बिटांचं आहे की ६४ हे आधी पाहा आणि त्याप्रमाणे फाइल घ्या. इतक्या जुन्या विंडोजला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, म्हणून फाइल दुसऱ्या यंत्रावर उतरवून पेनड्राइव्हने न्या आणि तो पीसी इंटरनेटला जोडू नका, बँकेची कामं तर मुळीच नकोत. थोडी खटपट जमत असेल तर त्यावर हलकं लिनक्स टाका. पायथन बहुधा त्यात आधीच असते, १९७७ च्या रॉम बेसिकसारखी.

ऑल्टेअरच्या मालकाने एकशे साठ वेळा खटके लावून जे मिळवलं, ते त्या धूळ खाणाऱ्या पेटीत एका संध्याकाळी मिळतं. 'क्लास'च्या वेळी मुलांच्या वाट्याला दहा मिनिटं आली होती. तुमच्या घरातल्या मुलाला तुम्ही रोजचा एक तास देऊ शकता, कुलूप न लावता. तो आधी आपलं नाव शंभर वेळा छापेल. छापू द्या.

पुढच्या भागात आपण देवनागरी अक्षरं कॉम्प्युटरमध्ये कशी शिरली, त्याची हकीगत पाहू. तोवर नमस्कार. जय हिंद.